गैरहजेरीचा सराव

स्वतःच्या मरणाची तयारी माझ्या साडूंइतक्या उत्साहानं केलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. लोक मुलीच्या लग्नाची तयारी करतात तशी ते ही तयारी करत होते, आणि तीही तब्येत ठणठणीत असताना. माकणीला धरणावर, पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, त्यांना दिलेली. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. शिवाय त्यांच्या घराण्यात पुरुष साठीच्या आसपासच आटोपतात आणि बायका नव्वदीला टेकतात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं गोष्ट सरळ होती. आपण आधी जाणार, मागं बायको पस्तीस-चाळीस वर्षं राहणार, आणि तिला लेकी-जावयांपुढं हात पसरावा लागता कामा नये. हा विषय निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा.

कुणाच्याही लग्नात ते आहेर म्हणून प्लास्टिकची फाईल द्यायचे. आत कप्पे, कप्प्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या: पासबुक, विमा, सातबारा. स्टेजवर गेले की नवरदेवाच्या कानाला लागायचे. खाली बसलेल्यांना वाटायचं, आशीर्वाद देतायत. ते विचारत असायचे, "नॉमिनी कोण हाय? आजून आईचंच नाव हाय ना? उद्याच्याला बदलून टाक." अणदूरच्या एका लग्नात हे नेमकं नवरदेवाच्या आईनं ऐकलं, आणि पंगतीत साडूंच्या पानापर्यंत बुंदी काही पोचली नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. परत येताना मला म्हणाले, "आईची माया मी जाणतो, सर. पर फॉर्मवर मायेचा रकाना नसतो." मी शाळामास्तर, म्हणून त्यांच्या लेखी कायमचा सर.

पण खरी कमाल त्यांच्या किरकोळ रजांची होती. लोक रजा घेऊन गावाला जातात, लग्नाला जातात. आमचे साडू महिन्यातून एक रजा घेऊन घरात मरून पडायचे. सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ओसरीतल्या बाजेवर बसायचे आणि जाहीर करायचे, "आजपासनं मी गैरहजर." मग चार वाजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आक्कानं एकटीनं बँकेत जाऊन स्लिप भरायची, लाईटच्या ऑफिसात बिलाची तक्रार करायची, सिलिंडरचा नंबर लावायचा, घरी कुणी वाटणीची भाषा करत आलं तर कागद काढून दाखवायचा. हे बाजेवरून आभाळाकडं बघत बसणार. एकदा आक्कानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची चावी तासभर शोधली. कोनाडे झाले, डबे झाले, गाद्या उलथ्या झाल्या. शेवटी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, गेलाव तर गेलाव, पर चावी तेवढी खिशातनं काढून ठिवायची." तरीही हे हलले नाहीत. तेव्हा आक्कानं एकच कप चहा केला, त्यांच्या पुढ्यात बसून सावकाश फुंकर घालत प्यायली आणि कप पालथा घातला. चार वाजता साडू हजर झाले ते थेट स्वयंपाकघरात, "आता टाक मला बी," म्हणत.

आक्का सगळं शिकली. सुरुवातीला एका सहीला ती पाच मिनिटं लावायची; पुढं पुढं गल्लीतल्या बायका फॉर्म भरायला तिच्याकडं यायला लागल्या. साडूंना त्याचा कोण अभिमान. त्या दिवसांत एकदा आम्ही गेलो असताना आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, तुमचं ऐकत्यात ते. त्यांला म्हणावं, मला लई शिकवलंत, आता मला काय येतंय ते बी इचारा की एखाद्या दिशी." मला ते गमतीचं वाटलं. मी हसलो, सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी दोघांचा जोडफोटो लागला. आक्का नवी साडी नेसून स्टुडिओत गेली. लग्नानंतरचा दोघांचा तो पहिलाच फोटो. त्यानंतर पाच महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, आक्काला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग लोहाऱ्याच्या दवाखान्यात दाखवलं, मग तिला सोलापूरला नेलं, आणि नवव्या दिवशी ती गेली. भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो घरात निघेना. शेवटी त्या जोडफोटोतूनच मोठा करून घेतला. कितीही कापला तरी साडूंचा खांदा तिच्या कडेला राहिलाच.

दिवस घातल्यावर बँकेत मी त्यांच्याबरोबर गेलो. नॉमिनी म्हणून आक्काच्या जागी दुसरं नाव द्यायचं होतं. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढं केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणारा हा माणूस पेन धरून तसाच बसला. मग माझ्याकडं सरकवून म्हणाला, "तुमी लिव्हा सर. थोरल्या लेकीचं लिव्हा." बाहेर आल्यावर म्हणाले, "माझा आंदाज चुकला." एवढंच.

मग माझ्या बायकोला त्यांचे फोन सुरू झाले. भाताला पाणी किती. तुळजापूरच्या मावशीचं नाव काय. धाकटी लेक सारखी रुसून फोन ठेवते, आक्का तिला काय म्हणायची. लेकी दोघी बोलावत होत्या, ते गेले नाहीत. माझी बायको भाकरी थापता थापता फोन कानाला धरून सांगायची. एकदा इकडचं तिकडचं बोलून झालं तरी ते फोन ठेवेनात, तेव्हा ती म्हणाली, "इचारा की." तर ते म्हणाले, "आज इचारायला कायबी न्हाय. चालू दे तुझं काम."

दिवाळीनंतर आम्ही माकणीला गेलो. निघताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "थांब जरा." आत गेले. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आले ते शेंगदाण्यांचा भरलेला डबाच घेऊन. तो माझ्या बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "ती तुला मोकळ्या हातानं धाडत नव्हती. काय द्यायची, मला ठाव न्हाय."

"हेच द्यायची, अण्णा," माझी बायको म्हणाली.

एसटीत तिनं तो डबा वर ठेवू दिला नाही, मांडीवरच धरला. बराच रस्ता मागं पडल्यावर मी विचारलं, "आक्का खरंच शेंगदाणे द्यायची?"

"न्हाय, चटणी द्यायची," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "खलबत्त्यात कुटलेली. तिच्यासारखी मला कधी जमली न्हाय. कशी करती म्हणून इचारायचं म्हणत म्हणत ऱ्हायलं."