अकरा घरांतलं सूर्यफुलाचं बी

आमच्या बिदरकडच्या मेहकरच्या व्याह्यांइतका सावध माणूस अख्ख्या बिदर-कलबुर्गीत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या सावधपणाने मला जितकं गोंधळात टाकलं तितकं कुणाच्या बेफिकिरीनेही टाकलेलं नाही. बांधावर ते सूर्यफूल लावतात. जुनं, उंच, पट्ट्यापट्ट्याच्या बियांचं. बाजारात आता ते मिळत नाही, म्हणून दरवर्षी बी घरचंच धरावं लागतं. राघूंनी खाऊ नये म्हणून चांगली फुलं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधून ठेवतात. एकदा कंडक्टरने बस थांबवून बांधावरच्या त्या 'बायकांना' हाक मारली होती, "येणार का, अक्का?"

एका वर्षी घरातलं बी उंदरांनी संपवलं. तेव्हापासून ते पुड्या बांधून आळंदपासून राजेश्वरपर्यंतच्या गावांत अकरा नातेवाइकांकडे ठेवायला देतात. "ईनबाई, एकाच घरात ठिवलं की उंदराला सोपं जातंय," हे त्यांचं मला सांगणं. कुणाला दिलं ते लिहायचं नाही, पेरणी आली की घरोघर चहा पीत विचारायचं, "आमचं काई हाय का तुमच्याकडं?" एकदा दोडक्याचं बी घेऊन परतले, एकदा कुणाचा तरी चष्मा.

मला हे बघवेना. एका वर्षी पुड्या वाटायच्या आधीच मी यादी केली: नाव, गाव, डबा कुठला. एक प्रत त्यांना, एक मला.

मागच्या वर्षी काढणीच्या आधी विहीणबाई, म्हणजे व्याह्यांच्या मंडळी, वारल्या. यंदा पेरणीच्या वेळी यादी घेऊन मीच व्याह्यांबरोबर निघाले. कुठे बियाला ओल लागलेली, कुठे कीड. एका घरी तर सुनेने चटणीच करून टाकलेली. "चव बरी व्हती का?" एवढंच व्याह्यांनी विचारलं. अकरा घरं झाली, अकरा फुल्या पडल्या.

"संपलं म्हणायचं आता," ते हळूच म्हणाले.

"तुमची यादी कुठंय?"

"तिची तर पुडी केली."

"कसली पुडी?"

"बियाची. कागद चांगला व्हता."

"मग ती दिली कुणाला?"

"तेच तर ध्यानात येईना. तुमी कामून घाबरायलाव? तुमच्याकडं दुसरी यादी हाय न्हवं?"

यादीत नसलेलं घर यादीत कसं शोधायचं? मी मेहकरला परतून त्यांचंच घर उपसायला घेतलं. "इथं कशाला ठिवीन? उंदरं हायत," ते मागून सांगत होते. विहीणबाईंचा शिवणाचा डबा उघडला, तर रिळांच्या मधोमध माझ्याच अक्षरातला कागद, आणि आत मूठभर पट्ट्यांचं बी.

त्यांनी एक बी उचलून उजेडात धरलं. "व्हय की. पयली पुडी दरसाली तिलाच देतो. तिच्या डब्याचं झाकण घट्ट बसतंय." मग म्हणाले, "ती गेल्यावरबी दिली वाटतं."

बी बांधावर गेलं. तेवढ्यातल्या चार बिया मात्र त्यांनी परत त्या डब्यात टाकल्या. घरी येऊन मी माझ्या यादीत बारावी ओळ आखली. गाव मेहकर, डबा शिवणाचा. नावाच्या जागी काय लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.