अंदाजकाकांचा उजवा हात

खाणावळीच्या मालकाला सगळे अंदाजकाका म्हणायचे, आणि त्यात चेष्टा कमी आणि मान जास्त होता. या माणसाने जन्मात मीठ मोजून टाकलं नाही की घड्याळ बघून मांस उतरवलं नाही. मागच्या अंगणात त्यांची चिनीमातीची भट्टी होती, जाडजूड, पोट सुटलेली, वर झाकण आणि खाली हवेला छोटी खिडकी. घरात तिला रांजणच म्हणत. सकाळी खांद्याच्या मटणाचा मोठा तुकडा त्यात जायचा, मंद आचेवर दिवसभर पडून राहायचा, आणि संध्याकाळी नुसत्या चमच्याने सुटायचा. तेवढ्यासाठी लोक लांबून यायचे.

आणि आच बघायची काकांची रीत तर ऐकण्यासारखी. ही खाणावळ मुळात त्यांच्या सासऱ्यांची. काका तिथे भांडी घासायला लागले, आणि मालकाची मुलगी करून मालक झाले. रीतही सासऱ्यांनीच शिकवलेली. डाव्या हाताने झाकण वर धरायचं, उजवा तळवा जाळीच्या वर धरायचा, आणि सासरची माणसं मोजायला लागायचं. सासरे, सासूबाई, थोरले मेव्हणे, त्यांची बायको, मधले मेव्हणे, त्यांची बायको, धाकटी मेहुणी. थोरल्या मेव्हण्यांपाशीच हात मागे घ्यावा लागला तर आच जास्त. धाकट्या मेहुणीपाशी चटका बसला की बेताची. आणि अख्खं सासर संपलं तरी हाताला काही नाही, तर आच कमी, कोळसे घाला. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "माझ्या माहेरच्यांना भाजून झालं असेल तर आत या." काका खूश होऊन हसायचे. वर्षानुवर्षं हाच विनोद, पण दोघांनाही त्याचा कंटाळा नव्हता.

मग हल्ली काय झालं कोण जाणे. सासर संपायला लागलं. धाकटी मेहुणी होऊन जायची, तिचा नवरा, पोरं, पार शेजारपाजाऱ्यांपर्यंत गाडी जायची, तरी हात आपला गार. काकांनी कोळसेवाल्याला झापलं. कोळसा ओला देतोस म्हणाले. तो बिचारा शपथा घेत राहिला. काकांनी दुसरा कोळसा आणला, तोही तसलाच निघाला. मग जास्त घातला. आणि संध्याकाळी झाकण उघडलं तर मटण वरून काळंठिक्कर आणि आतून चामड्यासारखं. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण पुन्हा झालं, पुन्हा झालं. नेहमीची गिऱ्हाईकं ताट तसंच ठेवून उठायला लागली. आच कमी आणि मटण करपलेलं, हे गणित काकांना काही केल्या सुटेना.

शेवटी काकू म्हणाल्या, "पुढचा तुकडा जळला ना, तर मी त्या रांजणात माती भरून कढीपत्ता लावणार आहे. आणि आपण नुसती पोळीभाजी विकू." काकू बोलतात ते करतात. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा लेकीने ते यंत्र आणलं. लेक खाणावळीचा गल्ला बघायची, डोक्याने चलाख, आणि बापावर जीव टाकणारी. यंत्र म्हणजे काय, तर आकडे दाखवणारी एक डबी, खालच्या खिडकीला बसवायचा वीतभर पंखा, आणि दोन वायरी. एकीचं टोक जाळीला अडकवायचं, दुसरीचं मटणात खुपसायचं. डबीवर एकशे दहाचा आकडा लावला की झालं. आच उतरली की पंखा वारा घालणार, आच चढली की गप्प बसणार.

"तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा, बाबा. झाकणाला हात लावायचा नाही."

"आणि आत काय चाललंय ते कसं कळणार?"

"डबी सांगेल."

"डबीला काय कळतंय?" काका म्हणाले. पण कढीपत्ता डोळ्यांसमोर आला आणि गप्प बसले.

लेक गल्ल्यावर गेली. काका खुर्चीत बसले. आता ज्याने उभं आयुष्य भट्टीपुढे वाकून काढलं त्याला बसवतंय का? डबी एकशे दहा दाखवत होती. काकांनी इकडेतिकडे बघितलं, उठले, आणि झाकण उचलून तळवा धरला. सासरे, सासूबाई, मेव्हणे, मेहुणी, सगळे आले आणि गेले. हात गार. डबीकडे बघतात तर आकडा घसरत चाललेला, शंभर, नव्वद, ऐंशी. बघा, म्हणाले, आता हिलाही पटलं. पंखा घुं घुं करून वारा घालायला लागला.

काकांनी मूठभर कोळसे घातले आणि झाकण टाकलं. थोड्या वेळाने बघतात तर एकशे साठ. ते चक्रावले. मघाशी ऐंशी, आता एकशे साठ, मध्ये कोणी आलं नाही, गेलं नाही. पुन्हा झाकण उघडलं, हात गार. आकडा उतरला, पंखा सुरू. झाकण टाकलं, आकडा चढला, आणि मागच्यापेक्षा जास्त. आता पंखा बंद होता तरी आकडा उतरायचं नाव घेईना, कारण ती जाड माती एकदा तापली की संध्याकाळपर्यंत निवत नाही. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण डबी म्हणते तापलंय, हात म्हणतो गार आहे, झाकण उघडं असलं की दोघांचं जमतं आणि झाकलं की भांडण. माणसाने कोणाचं ऐकायचं? काकांचं डोकं चालेना. ते डबीला चापट्या मारून बघत होते.

करपल्याचा वास गल्ल्यापर्यंत गेला तेव्हा लेक धावत आली.

"किती वेळा उघडलंत?"

"ही डबी खोटारडी आहे. परत करून टाक."

"बाबा, उघडलं की आतली ऊब जाते. यंत्राला वाटतं आग विझली. मग ते जीव तोडून वारा घालतं."

"अगं पण आत आग नाहीच आहे. हात धरून बघ."

लेकीने झाकण उचललं आणि तळवा धरला. काका मोजायला लागले. "सासरे," म्हणाले, आणि सासूबाई यायच्या आत लेकीने हात ओढून घेतला.

"तुझा हात नाजूक," काका म्हणाले. "बाजूला हो." त्यांनी आपला उजवा हात घातला आणि सावकाश सुरुवात केली. सासरे. सासूबाई. थोरले मेव्हणे. त्यांची बायको. काकांचा चेहरा शांत होता. मधल्या मेव्हण्यांपाशी लेकीने त्यांचं मनगट धरून हात बाहेर खेचला आणि उलटा केला. तळव्यावर मोठा फोड आला होता. त्याच्या बाजूला जुन्या फोडांचे डाग होते, काही सुकलेले, काही नुकते.

"हे कधी झालं?"

काका तळव्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनी डावा हात जाळीवर धरला आणि "आई गं" म्हणून लगेच ओढून घेतला. परत उजवा धरणार तोच लेकीने झाकण पाडलं.

मटण जळलंच. काकू बाहेर आल्या, रांजणाकडे बघितलं, काकांच्या हाताकडे बघितलं, आणि कढीपत्त्याचं नाव काढलं नाही. मलमाची डबी आणून पायरीवर बसल्या आणि काकांना शेजारी बसवलं.

"मी बघायची तुम्ही फडक्याशिवाय कढई उचलताय ते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सरावाचा हात आहे. चार बायकांना कौतुकाने सांगितलंय मी."

त्यांनी काकांचा तळवा आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि रांजण राहू दे. पोरगी म्हणते तसं, झाकण उघडायचं नाही."

"मग मी काय करू?"

"बसा खुर्चीत."

"नुसता बसू?"

काकूंनी मलम लावलं, फोडावर हलकेच कापड गुंडाळलं. काका निवत चाललेल्या रांजणाकडे तोंड करून बसले होते. हाताला काय झालंय, आजच का कळलं, हाताची जाण हरवली तर नेमकी कुठल्या दिवशी हरवली, हे ते आठवून बघत होते आणि एकही दिवस सापडत नव्हता.

"बरं वाटतंय," ते म्हणाले. "धरून ठेव असाच थोडा वेळ."

काकू बोलल्या नाहीत म्हणून त्यांनी डावा हात आणून उजव्यावर ठेवला. तिथे काकूंचा हात नव्हता. त्या केव्हाच मलमाची डबी ठेवायला आत गेल्या होत्या.