मी ड्यूकच्या बाजूची

हे मी आजपर्यंत कोणाच्याच कानावर घातलं नाई. नवऱ्याले नाई, बहिणीले नाई. आईले सांगाचं म्हटलं त आधी कॉमिक्स म्हणजे काय तिथूनच सुरुवात करा लागली असती. तुमाले सांगून राह्यली, कारण तुमी मले ओळखत नाई. अन् तुमी हसाल, हेही मले माहीत आहे. चित्रातल्या एका पोराच्या पायी एवढं? हाव. एवढं.

गडचिरोलीले कॉलेजच्या होस्टेलात मी अन् जैवंता एका खोलीत राहत होतो. मी कुरखेड्याकडची, धानाची शेती करणाऱ्या घरची. ती एटापल्लीच्याही आतल्या गावची, माडिया आदिवासी. आमच्यात सारखं काहीच नव्हतं, फक्त एक येड सारखं होतं — मोबाईलवरचे ते राजा-राणीच्या प्रेमाचे कॉमिक्स. तुमी वाचले असतील त समजाल. एक राजकन्या राहते, तिच्या मागं दोन-तीन राजबिंडे राहतात, अन् त्यातला एक उत्तरेकडचा ड्यूक राहतेच राहते. चंदेरी केस, काळा कोट, कोणाशी धड बोलत नाई, पण राजकन्येले नुसती शिंक आली का याचा जीव खालीवर. अव माय, मी मरत होती त्याच्यावर!

पण खरी मजा त खाली, कॉमेंटमंदी. तिथी दोन पार्ट्या पडत. काही पोरी ड्यूकच्या बाजूनं, काही दुसऱ्या हीरोच्या — तो दुसरा नेहमीच गरीब, गोड बोलणारा. अन् भांडण असं चाले का सरपंचाची निवडणूक बरी. मी खोट्या नावानं लिहत होती, ते नाव जैवंतालेही सांगतलं नव्हतं. चुरचुरीत लिहत होती, खोटं काऊन बोलू? माह्या कॉमेंटले लाइक पडले का त्या दिवशी मेसचं पाणचट वरणही गोड लागे. घरी, वर्गात, कुठीच मले कोणी इचारत नव्हतं. तिथी इचारत होते.

मग जैवंतानं स्वतःच कॉमिक्स काढणं सुरू केलं. मोबाईलवर, बोटानं. तिचा हात लय चांगला होता. त्याच ॲपवर हिंदीत टाकू लागली. पहिल्या काही भागांत राजकन्या, ड्यूक, राजवाडा — नेहमीचंच. मले आवडलं. अन् मग एका भागात तिनं दुसरा हीरो आणला.

त्याच्याजवळ घोडा नाई, तलवार नाई. तो राजकन्येच्या बापाच्या घरी राबत होता. लाकडं फोडे, नांगर धरे, ढोरं चारे. काऊन? त त्यांच्याकडची जुनी रीत आहे ती — पोरीच्या बापाले द्यायले काही नसलं, त पोरगा लग्नाआधी काही वर्षं त्याच्या घरी राबून पोरगी मिळवते. त्यात कमीपणा नाई. होणारा जावई म्हणून त्याले मान राहते. फक्त पोरीशी एकट्यानं बोलाचं नाई. म्हणून हा हीरो बोलतच नव्हता. जंगलातून पिकलेली चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणे, पळसाच्या पानाच्या द्रोणात भरे, अन् ती ज्या दगडावर भांडे घासे तिथी ठेवून चालला जाये.

बापा, पोरी पागल झाल्या! कुठल्या कुठल्या मोठ्या शहरातल्या पोरी — ज्यांनं जलमात लाकूड फोडताना पाह्यलं नसंल — लिहत, मले असाच पाहिजे. ड्यूकले कोणी कुत्रं इचारत नव्हतं.

मले राग आला. आता सांगाले लाज वाटते, पण आला. आमच्या घरी रोवणीच्या वक्ती चिखलात वाकून वाकून कंबर मोडते. मी मोबाईल उघडे ते चिखल इसराले. अन् ही मले राजवाड्यातही चिखलच दाखवून राह्यली? अन् आणखी एक — हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हती. जंगलातला पोरगा, अन् तो ड्यूकले हरवते? मले ते पटतच नव्हतं. मी तिच्याच खोलीत राहत होती, तिच्याच डब्यातलं खात होती, अन् आतून मी अशी होती.

मी खोट्या नावानं त्या हीरोच्या इरोधात लिहू लागली. तोपर्यंत चाललंच होतं म्हणा. कॉमिक्स आहे, लोक लिहतात.

पण एक दिवस कपडे वाळू घालता घालता जैवंतानं मले सांगतलं. तो पोरगा खरा होता. मासू नाव. तिच्याच बापाच्या घरी, तिच्याच साठी राबत होता. घरच्यांनं ठरवलं होतं, हिचं मन नव्हतं. शिकून राह्यली होती, अन् त्याले अक्षर येत नव्हतं. "पन त्याले काढता काढता मले तो दिसाले लागला वो," ती म्हणाली. "पह्यले मी त्याच्याकडे पाह्यलंच नव्हतं." उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेली का त्याच्याशी बोलणार होती. कॉमिक्समधला तो हीरो म्हणजे मासू, हे फक्त दोघींले माहीत होतं — मले, अन् तिची चुलत बहीण सविता होती, तिले.

अन् माहीत असून मी काय केलं?

त्याच हप्त्यात एका पोरीनं माह्या कॉमेंटखाली लिहलं — तुझ्यासारखीले खरा माणूस समोर उभा राह्यला तरी ओळखू येणार नाई. तिच्या लिहण्याले लाइकचा ढीग पडला. माह्या खाली सगळ्या हसून राह्यल्या होत्या. मी मेसमंदी बसली होती. ताट समोर होतं. मी लिहलं — हा कोणी हीरो नाई, लिहणारीच्या घरचा नोकर आहे. मासू नाव त्याचं. अंगठाबहाद्दर. तिच्या गावाचंही नाव लिहलं. असा नवरा गळ्यात पडणार म्हणून बिचारी चित्रात त्याले हीरो करून राह्यली — असंही लिहलं. मग जेवली. पोटभर जेवली.

भांडण मी जिंकली. त्या पोरी चूप झाल्या. लाइक? इतके मले कधीच पडले नव्हते.

आता तुमी म्हणाल, हिले काय माहीत पुढं काय होईन. माहीत होतं ना! खेड्यातली पोरगी आहे मी. गावात मोबाईल असते, अन् मोबाईल असणारे टवाळ पोट्टेही असतात.

उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम आला. पानाचे पुडे घेऊन सगळं गाव फळीवर जमा होते, तिथी पानं मोजून घेतात. तिथीच कोण्या पोट्ट्यानं ते मासूले वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तो होणारा जावई म्हणून राबत होता. नोकर म्हणून नाई. त्याले हेच वाटलं असंल ना, का घरातलीच पोरगी आपल्याले नोकर समजते? तिचा हात त्यात नव्हता, हे त्याले कोण सांगणार होतं? पुडे तिथंच टाकले अन् तो गेला. तेलंगणाकडे कामाले गेला म्हणतात. जैवंता सुट्टीले घरी पोचली त्याच्या आधीच.

तिनं कॉमिक्स काढून टाकलं. होस्टेलात परत आली तवा डोळे सुजले होते. म्हणाली, "सवितीनंच केलं. तुह्या-माह्याशिवाय तिलेच माहीत होतं."

मी म्हटलं, "असंल."

तो एक शब्द. कॉमेंट रागात लिहली, पण हा शब्द मी थंड डोक्यानं बोलली. त्यानंतर त्या बहिणी एकमेकींशी बोलल्या नाई. जैवंताच्या लग्नात सविता नव्हती. मी होती, नवरीच्या मागं उभी होती, सगळ्या फोटोत आहे मी. सवितानं रडून रडून शपथा घेतल्या म्हणे. कोणी मानलं नाई. मी माहं ते खोटं खातं कधीच बंद करून टाकलं होतं.

आता जैवंता गोंडपिपरीले नोकरीवर आहे. नवरा बरा आहे, एक पोरगी आहे. माहं कुरखेड्यात झेरॉक्सचं दुकान आहे. दिवाळीले फोन होते, मधातही कधी कधी होते.

मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. दुकानात गर्दी होती. म्हणाली, "मले परत काढावं वाटून राह्यलं. मासूचंच. मनातून जातच नाई तो. कुठीतरी त्याच्यापर्यंत पोचंन, अन् कोणी वाचून दाखवंन त्याले — का मी तसं म्हटलं नव्हतं. काढू का? तुलेच इचारते. तू एकटीच होती जिनं त्याले कधी नावं ठेवली नाई."

मले तिची काळजी नव्हती वाटली. जुनी गोष्ट कोणी उकरंन, कोणं लिहलं होतं ते शोधंन — त्याची भीती वाटली. एवढंच.

मी म्हटलं, "नको काढू बाई. लोक लय खराब राहतात."

ती म्हणाली, "हाव, तुहं बरोबर आहे. बरं झालं तुले इचारलं."