पाण्याला उतार देणारे बाबा

बाबांनी चाळीस वर्षं गावभरच्या स्वयंपाकघरांत नळ जोडले. मी त्यांची लेक, वायरमन. हो, बाई असून वायरमन. हसायचं त्याने हसून घ्यावं.

आईच्या हातांची सालं निघू लागली, बोटं चिरून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "भांडी घासणं बंद. नाहीतर हात बरे व्हायचे नाहीत." दुसऱ्याच दिवशी बाबांनी डिशवॉशर आणलं. बसवायला दुकानाचा माणूस येणार होता, पण छे! "माझ्या घरात दुसऱ्याचा पाना?"

वीज माझ्याकडे आली. मशीनसाठी वेगळी लाइन ओढली, अर्थिंग तपासलं, गळलं तरी पाणी पोचू नये म्हणून सॉकेट शेजारच्या कपाटात घेतलं. बाबांनी नळ जोडला आणि सांडपाण्याचा पाइप जमिनीलगत, झकास उतार देऊन सोडला. पाण्याला उतार हवा, हे त्यांच्या रक्तातच भिनलंय. माहितीपुस्तक उघडलंसुद्धा नाही.

जेवणाची भांडी भरून मशीन लावलं. थोड्याच वेळात ते मध्येच थांबलं, भांडी खरकटीच. पुन्हा लावलं, तेच. बाबांनी सगळे जोड तपासले. कुठे थेंबही गळत नव्हता. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

आईने घासणी उचलली. "राहू द्या हो, चार तर भांडी आहेत."

"हात लावायचा नाही!" बाबा ओरडले. मग आवाज खालीच आला. "तुझे हात बरे नाही झाले तर मी काय करू गं?"

मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच पक्कड आपटली.

मग मशीन पुन्हा एकदा लावलं. आई त्याच्यापाशी कान देऊन उभी राहिली. "अहो, पाणी आत येतंय आणि लगेच चाललंय. आत थांबतच नाही."

"हात्तिच्या! मीच त्याला पळवाट करून दिली." बाबांनी पाइप उचलून ओट्याच्या खालच्या अंगाला उंच बांधला, तिथून मग खाली सोडला.

या वेळी पाणी आत राहिलं. मशीन दोन तास चाळीस मिनिटं घुमत होतं. आईला काय करावं सुचेना. दोनदा उठली, दोनदा बाबांनी बसवली. जेवणानंतर ती इतका वेळ बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. बाबा शेजारी बसून तिच्या एकेका बोटाला मलम लावू लागले.

"इतके नळ जोडले," ते म्हणाले, "पण आपल्या नळाखाली कुणाचे हात आहेत, ते कधी बघितलंच नाही."

"आता बघताय ना," आई म्हणाली आणि तिने दुसरा हात पुढे केला.