अक्कलकोट रस्त्यावरची तीन मिनिटं

दिगंबरनं मोटार घेतल्याचं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पत्रात लिहिलं होतं, "नाताळच्या सुट्टीत सोलापूरला ये. हुरड्याचे दिवस आहेत, मोटारीतून फिरवतो." हुरड्याचं ठीक आहे, पण मोटार? हा दिगू शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि काळ-काम-वेगाची गणितं माझ्या पाटीवरून उतरवून घ्यायचा. पुढे मी कोकणातल्या त्याच शाळेत गणिताचा मास्तर झालो आणि हा घाट चढून गेला, तो गिरण्यांना लागणाऱ्या सामानाचा व्यापारी होऊन बसला. बायको म्हणाली, "जाऊन या हो. मित्राचं चांगलं झालेलं डोळ्यांनी बघून यावं." मी निघालो ते चांगलं बघायला नव्हे. मोटारीत काहीतरी खोट असणार, ती बघायला निघालो.

घाट चढून कऱ्हाडला आलो, तिथून आगगाडीनं पुणं, आणि पुण्याहून सोलापूरची गाडी. कुर्डुवाडी मागे पडल्यावर डोंगर संपलेच. कोकणातल्या माणसाला दहा पावलांवर काहीतरी आडवं लागतं, ओहोळ तरी नाहीतर शेजाऱ्याचं कुंपण तरी. इथे नजर जावी तिथवर काळी जमीन आणि तिच्यावर पुरुषभर उंचीची ज्वारी. समोरच्या बाकावर घोंगडी पांघरून एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी विचारलं, "कुटं निगालासा?"

"सोलापूरला. मित्राकडे."

"काय करत्यात मित्र?"

"व्यापार आहे. मोटार आहे त्याच्याकडे."

हे मी का सांगितलं, देव जाणे. म्हातारबाबांनी मला नव्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, "मग मजा हाय की तुमची! लई नशीबवान." दिगूच्या मोटारीवर मी फुकटचा मोठा झालो आणि त्याचाही मला राग आला.

सोलापूर स्टेशनबाहेर टांग्यांच्या रांगेपलीकडे ती उभी होती. गडद हिरवा रंग, मागे दुमडलेलं टप, पितळी भोंगा. दिगू धावत आला, त्यानं माझी वळकटी स्वतः उचलली. बारा वर्षांत त्याची बोली पार बदलली होती. "ये की नाना, बस की!" मी बसण्याआधी मोटारीला एक फेरी घातली. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर बोटभर लांबीचा ओरखडा सापडला, तेव्हा कुठे प्रवासाचा शीण उतरला.

त्याचं घर शुक्रवार पेठेत. बोळ इतके अरुंद की बाया दारातले सूत गुंडाळायचे रहाट आत ओढून घेत, तेव्हा मोटार पुढे सरके. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट चाललेली. विणकर मंडळी तेलुगू बोलणारी. दिगूनं गाडीतूनच एकाला तेलुगूत काहीतरी विचारलं, तो हसला, त्याच्या मागची चार माणसं हसली. मला घरी चार माणसं हसवायची म्हणजे महिनाभर तयारी करावी लागते. रात्री वहिनींनी कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. चटणीत तेल असं सुटलेलं की वरून घालायला नको. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मनात म्हटलं, याला बायकोही सुगरण मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मैंदर्गीला निघालो, अक्कलकोटच्याही पुढे, दिगूचे स्नेही मल्लप्पा यांच्या रानात. रस्ताभर मी डावीकडच्या बाकावर बसून वेगाच्या काट्याकडे बघत होतो. वीस, बावीस, पुन्हा वीस. लोक म्हणतात देखावा बघावा. मला काट्याखेरीज काही दिसेना. अक्कलकोट ओलांडलं तशी बोली पालटली. मल्लप्पांनी मला बघताच विचारलं, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) मी दिगूच्या तोंडाकडे बघितलं, तर त्यानं माझ्या वतीनं कानडीत उत्तर देऊन टाकलं.

रानात आगटी (जमिनीतली खळगी, तिच्यात गोवऱ्यांचा आर) पेटवली होती. मल्लप्पांचा गडी कोवळी कणसं त्यात भाजायचा आणि हातावर चोळून गरम हिरवे दाणे समोर टाकायचा. सोबत गूळ, दही, तिखट. असा हुरडा मी जन्मात खाल्ला नव्हता. पाण्याच्या तांब्याला हात घातला तर मल्लप्पांच्या आई ओरडल्या, "हुरड्यावर पानी पिऊ नगा! पोट फुगतंय. ताक प्या." मी निमूट ताक प्यालो. मग मैंदर्गीच्या बाजारातून चालताना दिगूला दहा ठिकाणी रामराम झाला. मला एकानंच हाक मारली, तीही "ओ मोटारवाल्याचे पावनं" अशी.

परतताना ऊन कललं होतं. दिगू गुणगुणत, निवांत वीसनं चालवत होता. तो सुखात होता, आणि नेमकं तेच मला बघवेना. याला एकदा तरी वाटायला हवं की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. सोलापूर दोनेक मैलांवर आलं तेव्हा मी म्हणालो, "बरी आहे तुझी मोटार. पण आमच्या गावात नवे डॉक्टर आलेत ना, त्यांची याहून पुष्कळ पळते. चाळीसनं नेतात."

आमच्या डॉक्टरांकडे एक सायकल आहे. तिला घंटासुद्धा नाही.

"चाळीस?" दिगू म्हणाला.

"चाळीस. तुझी जुनी असेल."

"जुनी कसली, कोरी आहे की!" असं म्हणून त्यानं पाय दाबला.

काटा तीसवर गेला, पस्तीसवर गेला. माझी टोपी उडू लागली ती मांडीखाली दाबली. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. बाजूची झाडं एकमेकांत मिसळली, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि मी शाळेतल्या पोरासारखा ओरडलो, "बेचाळीस!" तेवढ्यात डाव्या हाताला, माझ्या बाजूनं पाटी गेली : "मोटारी सावकाश हाका. ताशी पंधरा मैल." दिगूची नजर रस्त्यावर होती. पाटी मी वाचली. वाचून गप्प बसलो.

वळण घेतलं आणि समोर मेंढरं. एक धनगर आणि त्याची बायको कळप रस्त्यापलीकडे नेत होती. दिगूनं भोंगा वाजवला. त्याला वाटलं, भोंग्यानं वाट होईल. पण पुढचं मेंढरू पलीकडे गेलेलं होतं, आणि मग मागची सगळी त्याच्याच मागे येत राहिली, भोंगा असो की काही असो. दिगूनं ब्रेक दाबला. मोटार तिरपी घसरत गेली. धनगराच्या बायकोनं एक कोकरू ओढून घेतलं आणि ती कडेच्या खडीवर आपटली. पुढच्या चाकाखाली एक मेंढी आली. गाभण होती.

दिगू उतरून धावला. मी गाडीतच बसून राहिलो. त्याचा हात खिशाकडे गेलेला बघून धनगर म्हणाला, "पैशाचं मागनं बगू. आदी हिला पानी द्या." बाईचं कोपर सोललं होतं, लुगडं रक्तानं भरलं होतं. दिगूनं तिला पाणी पाजलं, स्वतःच्या उपरण्याची पट्टी फाडून हात बांधला. ती हात बांधून घेत होती आणि बघत होती मेंढीकडे.

पुढच्या लिंबाखालून एक हवालदार आले. हातात घड्याळ आणि वही. दोन लिंबांमधलं अंतर मोजून ठेवून ते तिथे मोटारींचा वेग टिपायलाच उभे होते. त्यांनी दिगूला ओळखलं, जरा अवघडले, आणि हळूच म्हणाले, "घरात कुनी आजारी हाय का? तसं असलं तर तसं लिवतो."

"न्हाय," दिगू म्हणाला. "कुनी आजारी न्हाय."

सोमवारी अकरा वाजता कचेरीत हजर राहायचं ठरलं.

संध्याकाळी शेजारचे वकीलसाहेब घरी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. "यांनाच पुढे करू. पाहुणे कोकणातले, इथली रीत ठाऊक नाही, हुरड्यावर तांब्याभर पाणी प्यायले. जीव घाबरा झाला, म्हणून दवाखान्याकडे मोटार पळवली. मॅजिस्ट्रेटसाहेब इथलेच आहेत, त्यांना लगेच पटेल. दंड नाही, परवान्यावर शेरा नाही."

मी ताठ बसलो. म्हणालो, "मी खोटी साक्ष देणार नाही. वेगाला मर्यादा असते ती कशासाठी? रस्ता काही एकट्या मोटारवाल्याचा नाही. चुकलं असेल तर कबूल करावं, दंड भरावा." बोललो ते सगळं खरं होतं. पण दिगूला दंड होणार, परवान्यावर शेरा पडणार, ह्याची आतून गुदगुली होत होती, आणि म्हणूनच शब्द इतके भराभर सुचत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, तुम्ही तर यांच्या शेजारीच होतात. हळू चालवा म्हणून सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं की," मी म्हणालो.

दिगूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वकीलसाहेबांना म्हणाला, "नानाचं बरोबर आहे. कबूलच करतो." आणि मला विचारलं, "सगळं खरं सांगू?"

"म्हणजे?"

"काही नाही. सहज विचारलं."

मधला रविवार कसा काढला ते मला विचारू नका. सकाळी दाढी करताना मनाशी गणित मांडलं. दोन मैल वीसनं गेलो असतो तर सहा मिनिटं लागली असती. चाळीसनं तीन. म्हणजे मेंढी मारून, बाईला पाडून आम्ही वाचवली तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांत आम्हाला करायचं काय होतं, तर घरी जाऊन चहा प्यायचा होता. वर्गात मी हे गणित शंभरदा घातलं असेल. उत्तर बरोबर आलं की पुढचं घ्यायचं. दुपारी वहिनींनी भुईकोट किल्ला बघून या म्हटलं, तर तटावर उभा राहून मी एकच विचार करत होतो : उद्या हा माझं नाव घेईल. घेतलं तर गावात मास्तर म्हणून तोंड कसं दाखवू?

सोमवारी कचेरीत धनगर आणि त्याची बायको भिंतीशी बसली होती. तिच्या कोपराला हळद लावलेली. दिगूनं आरोप ऐकताच कबूल केलं. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. चष्मा काढून म्हणाले, "पाटी दिसली नाही?"

"नाही साहेब. बघायला हवी होती."

"एवढी घाई कशाची होती?"

"घाई काहीच नव्हती. मोटार किती पळते ते दाखवायचं होतं."

"कुणाला?"

आता माझं नाव येणार म्हणून मी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"स्वतःलाच म्हणा," दिगू म्हणाला. "पाय माझा होता."

मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सोबत होतात. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी उठून उभा राहिलो. दोन वाक्यं तयार होती. "साहेब, डिवचलं मी. पाटी वाचली तीही मीच." तोंड उघडलं. भिंतीपाशी ती बाई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.

दंड झाला, परवान्यावर शेरा पडला. मेंढीची भरपाई दिगूनं कुणी सांगण्याआधीच कबूल केली. बाहेर पिंपळाखाली धनगर त्याच्यापाशी आला. "खरं बोललासा, बरं केलंसा. वकील लावून उलटं बोलला असता, तर आमी काय केलं असतं?" त्याची बायको म्हणाली, "सावकास जावा, बाबा." दिगूनं दोघांना हात जोडले. मी दोन पावलांवर उभा होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघावं असं मी काही केलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिगूनं मला स्टेशनवर सोडलं. इतक्या हळू चालवत होता की एक टांगा आम्हाला मागे टाकून गेला, टांगेवाला हसला, दिगूही हसला. वहिनींनी चटणीचा डबा बांधून दिला होता. फलाटावर मी म्हणालो, "दिगू, परवाचं ते..." त्यानं माझी वळकटी खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी कोकणातून वहिनींनाही घेऊन ये. मल्लप्पाची आई वाट बघेल." गाडी हलली. त्यानं मला बोलू दिलं नाही, की मीच पुरेसं मोठ्यानं बोललो नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं पहिला प्रश्न विचारला, "मोटार कशी आहे?" मी म्हटलं, "चांगली आहे." हे म्हणताना काहीच टोचलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. मोटारीचा हेवा करण्यात अर्थ असतो, कारण ती आपल्याला परवडत नाही. पण कचेरीत त्या दिवशी उभं राहून दोन वाक्यं बोलायला पैसा लागत नव्हता, व्यापार लागत नव्हता, नशीबही लागत नव्हतं. ती वाक्यं माझी होती, आणि दिगूनं ती स्वतःवर घेऊन टाकली. आता त्याचा हेवा वाटतो तो एवढ्याचाच, आणि हा हेवा मोटारीच्या हेव्याहून पुष्कळ जड आहे.