रविवारीच बंद पडणारी गाडी

सोमवार ते शनिवार डोलिनाची गाडी गरीब गाईसारखी चालायची. दुकानात जायची, मेंढ्यांचं खाद्य आणायची, जळणासाठी पीटची माती कापतात त्या दलदलीतल्या खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवरूनही तक्रार न करता परत यायची. रविवारी मात्र चर्चच्या रस्त्यावर गुरं अडवायला जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी लागली, की तिच्यावरून खडखडत गेल्याबरोबर मुकाट बंद. मागच्या बाकावरच्या तिघी विधवा उतरायच्या आणि टोप्या धरून उरलेला मैलभर वारा खात चालत जायच्या. त्या थोड्या पुढे गेल्या की किल्ली फिरवताच गाडी सुरू, पण पुन्हा तिच्यात बसायला त्या तयार नसत. ओळीनं नऊ रविवार हेच चाललं होतं.

फिन्ली मॅकॉलेला हे फार लागलं होतं. तीस वर्षं बोटीवर इंजिनं सांभाळून तो बेटाच्या टोकावरच्या नेस गावी परत आला होता. वडिलांच्या हातमागाच्या शेडमध्ये आता तो गावच्या गाड्या बऱ्या करायचा. एका बाजूला जुना माग, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी पोट उघडं टाकलेली गाडी. बिघाड डोळ्यांदेखत घडल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही, हा त्याचा नियम. नियम चोख होता, पण हा बिघाड घडायचा रविवारी, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी नेसमध्ये कोंबडासुद्धा दबकत आरवतो. काम करणाऱ्या माणसाचं तर नावच काढू नका.

फिन्ली चर्चला चालत जाई. वाटेत ती मेलेली गाडी दिसे, आणि खिशातले हात शिवशिवत. खिशात साधा चाचणीचा दिवा असता, तर पाच मिनिटांत छडा लागला असता. एकदा न राहवून तो बॉनेटवर वाकला.

"फिन्ली, हात लावलास तर बघ!" अँगसिना गरजली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही म्हातारी म्हणजे तिघींतली सगळ्यात कडक. धर्मगुरूसुद्धा तिच्यासमोर प्रवचन लवकर आटपायची हिंमत करत नसे.

"नुसतं बघतोय हो, अँगसिनाबाई."

"बघणं हाच तुझा धंदा. उद्या बघ."

सोमवारी तो बघायचाच. कॉइल तपासली, ठिणगी झकास. इंधनाचा फिल्टर तपासला, टाकीचं झाकण उघडून पाहिलं, नळी फुंकून पाहिली, पेट्रोलचा दाब मोजला. सगळं जागच्या जागी. पंप तर नवाकोरा, ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःच बसवलेला. तिथं शोधायचं काय? पंपाच्या वायरीत बारा व्होल्ट आहेत एवढं पाहून तो पुढे गेला. सोमवारी ते असणारच होते.

पण गावाला मीटर लागत नाही. गावानं कधीच निदान केलं होतं. गाडी पहिल्यांदा थांबली त्याच रविवारी डोलिनाच्या दोरीवर चादरी दिवसभर फडफडत होत्या. शनिवारी संध्याकाळी त्या आत घ्यायला ती विसरली होती. नेसमध्ये रविवारी दोरीवर कपडे म्हणजे केवढं पाप, हे नेसमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. "हा देवाचा इशारा आहे," असं अँगसिना म्हणाली. एकदाच म्हणाली, पण तिचं एकदा पुरतं.

ऑक्टोबरात, कम्युनियनच्या, म्हणजे चर्चच्या मोठ्या प्रार्थनासोहळ्याच्या, पाच दिवसांच्या आदल्या आठवड्यात, डोलिना शेडमध्ये आली. चौसष्ट वर्षांची, फिन्लीच्या शाळेतली. नवरा टॉर्क्विल गेल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ती गाडी शिकली होती. तेव्हा गावातल्या मेंढ्यासुद्धा तिला पाहून रस्ता सोडायच्या. पण शिकली.

"फिन्ली, कम्युनियन झालं की गाडी विकतेय मी," ती म्हणाली. "ॲबरडीनला मुलीकडे जाते. ती किती दिवस बोलावतेय."

"आणि घर?"

"गाडीशिवाय त्या टोकाला कशी राहू? बस दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं."

"अगं, मी शोधतोय ना बिघाड!"

"तुझं काही चुकत नाही रे." ती हसली, पण ते हसू बघवेना. "माझ्याच हातात चाक असावं, असं देवाच्या मनात नसेल. टॉर्क्विल चालवायचा तेव्हा थांबली होती का कधी?"

ती गेल्यावर फिन्ली मागाच्या फळीवर बसला. त्याला राग आला होता. देवाचा नाही, चादरींचाही नाही, स्वतःचा. मग त्यानं यंत्रावरून लक्ष काढलं आणि रविवारावर लावलं. रविवारी गाडीत असं काय असतं, जे सोमवारी नसतं? रस्ता तोच, पेट्रोल तेच, डोलिना तीच.

मागचा बाक!

टॉर्क्विल गाडी चालवायचा आणि डोलिना शेजारी बसायची, तेव्हापासून तिघी विधवांची जागा मागेच. पुढची जागा आता रिकामी असायची, तरी त्या मागेच दाटीवाटीनं बसत. सवय ती सवय. फिन्लीनं मागच्या बाकावर डावी-उजवीकडे पीटची दोन पोती टाकली आणि जाळीवरून चार फेऱ्या मारल्या. काही झालं नाही. बाक तेवढा काळा झाला, आणि तो झाडता झाडता डोलिनानं त्याचा उद्धार केला.

पण पोतं म्हणजे काही मर्डिना नव्हे. मधल्या जागेवर तिघींतली सगळ्यात वजनदार मर्डिना बसायची, आणि मर्डिना बसली की उरलेल्या दोघींना दाराचा आधार घ्यावा लागे.

बुधवारी दुपारी फिन्लीनं तिघींना बोलावलं. आधी गाडीखाली शिरून पंपाच्या तोंडाशी एक लांब वायर जोडली, खिडकीतून आत घेतली आणि पुढे काचेपाशी छोटा दिवा चिकटवला. गाडी बंद पडताना दिवाही विझला, तर पंपाला वीज पोचत नाही. दिवा जळत राहिला, तर दुखणं दुसरीकडे.

"आज बुधवार," अँगसिना दारातच थबकली. "चर्चला कशाला जायचं?"

"जायचं नाही. जातोय असं दाखवायचं."

"ढोंग!"

"तपासणी, बाई. बसा."

मर्डिना मध्ये बसली. तिची बहीण पेगी दाराला टेकून लगेच डुलक्या काढू लागली. डोलिना चाकावर, फिन्ली तिच्या शेजारी, डोळे दिव्यावर. जाळी आली. खडखड झाली. दिवा विझला, आणि इंजिननं मान टाकली.

"गेला! दिवा गेला!" फिन्ली लॉटरी लागल्यासारखा ओरडला. "मर्डिनाबाई, उठा जरा!"

"इथं कुठं उठू? छत आहे."

"नुसत्या वर व्हा. हं!" दिवा लागला. "बसा." विझला. "उठा." लागला.

"मी काय शाळेत कवायत करायला आलेय?" मर्डिना धापा टाकत म्हणाली. "आणि माझ्या वजनाबद्दल कुणी अवाक्षर काढलं, तर चालत घरी जाईन!"

तिघींना उतरवून फिन्लीनं बाक उचलला. पंपाकडे जाणारी वायर बाजूच्या खोबणीतून जायला हवी होती. ती बाकाच्या लोखंडी पट्टीखाली आडवी पडलेली होती. वरचं आवरण चेपून सपाट झालं होतं आणि आतली तार तुटली होती. भार नसला की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, मधोमध कुणी बसलं आणि हादरा लागला की फाकायची. वायरीवर हिरवी चिकटपट्टी होती. बोटीवरून आणलेली ती पट्टी अख्ख्या बेटावर एकाच माणसाकडे होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ऑगस्टमधला तो शनिवार फिन्लीला लख्ख आठवला. पंप बसवायला उशीर झाला होता, बाराच्या ठोक्याला रविवार लागणार होता, आणि त्याआधी हात धुवायची घाई होती. वायर कुठून गेली, हे न बघताच त्यानं बाक दाबून बसवला होता.

बायका पाठीमागे वाऱ्यात उभ्या होत्या. वायर जुनी होती एवढं म्हटलं असतं, तर विषय संपला असता. कुणाला काही कळलं नसतं. क्षणभर ते वाक्य जिभेवर आलंही.

"डोलिना," तो वळून म्हणाला, "ही वायर मी चेपली. त्या शनिवारी. घाईत."

डोलिना वायरीवर वाकली.

"आणि तू त्या रात्री साडेअकरापर्यंत माझ्या शेडमध्ये गाडीची वाट बघत बसली होतीस. म्हणून चादरी बाहेर राहिल्या. त्याही माझ्याच खात्यावर."

"नऊ आठवडे," डोलिना हळू आवाजात म्हणाली. "नऊ आठवडे मी रोज खुर्चीपाशी गुडघे टेकून विचारतेय, माझं काय चुकलं. टॉर्क्विलला दुखावलं का, मुलीला एकटं सोडलं का... जे जे आठवलं ते सगळं विचारलं. आणि तुझी ही बोटभर वायर?" पाठ फिरवून ती दलदलीकडे तोंड करून उभी राहिली. फिन्लीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर रोज त्या संन्याशाच्या घरी चहाबरोबर ताजे स्कोन खात होता.

शेवटी अँगसिनानं घसा खाकरला.

"इशारा आहे, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "इशारा होताच. पण तो फिन्लीला होता; पत्ता सांगताना माझं चुकलं."

अँगसिनाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे त्या गावानं आजवर ऐकलं नव्हतं. पेगीसुद्धा जागी झाली. डोलिनाचे खांदे हलायला लागले. ती रडतेय, असं फिन्लीला वाटलं. ती वळली तेव्हा रडत होती आणि हसतही होती, दोन्ही एकदम.

"सरक," तिनं बाही वर केली. "दाखव मला, कुठून जाते ही वायर. यापुढे बाक बसवताना मी बघणार. तुझ्यावर आता माझा विश्वास नाही."

फिन्लीनं तिला सगळं दाखवलं. तुटका तुकडा तिनं स्वतः कापला, नवी तार जोडली, खोबणीत बसवून दोनदा ओढून पाहिली. मग मर्डिनाला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. दिवा हलला नाही.

रविवारी चर्चच्या फाटकाशी परगावचे पाहुणेही जमले होते. गाडी खडखडत जाळी ओलांडून आली आणि फाटकाशी थांबली, तीही डोलिनानं थांबवली म्हणून. सगळ्यांच्या माना वळल्या, तेव्हा फिन्लीनं टोपी काढली आणि मोठ्यानं सांगून टाकलं, की गाडीचा दोष त्याचा होता आणि चादरींचाही. रविवारी कामाचं बोलू नये, पण अँगसिना गप्प राहिली, म्हणून बाकीचेही राहिले.

मंगळवारी सकाळी डोलिना शेडच्या दारात उभी.

"काल रात्री मुलीला फोन केला."

फिन्लीनं पाना खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, कधी येतेस? मी म्हटलं, नाताळानंतर तूच ये. बोटीवर घ्यायला मी येते."

"बोट स्टॉर्नोवेला लागते, डोलिना. सव्वीस मैल. तू कधी तिथवर गाडी नेली नाहीस."

"ते ठाऊक आहे मला," डोलिनानं बॉनेट उघडलं. "म्हणून तर आलेय. तेल कसं बघायचं, तेवढं शिकव."