मामाची जागा

काका एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांब गा. आकडा ठरू दे."

वाडीच्या धर्मकाट्यावर ट्रक चढला की पाटीवरचे आकडे थोडा वेळ नाचत राहतात. ते ठरल्याशिवाय काका पावती काढत नसत. ड्रायव्हरनं कितीही हॉर्न वाजवला तरी बोट वरच.

मी शेजारच्या गोदामात कारकून आणि घाई हा माझा जन्माचा आजार. एकदा काका डबा खायला बसले होते, तेव्हा मीच पुढं होऊन ट्रकचं वजन वहीत उतरवलं. पाटी नीट दिसावी म्हणून काट्यावरच उभा राहिलो होतो. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तू बी मालात जाऊन राहिला का गा?"

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्यासमोर आपला मूर्खपणा थोडा जास्तच उजेडात येतो.

काकांच्या केबिनमध्ये कपाटावर एक व्हायोलिन असे. ते त्याला फिडल म्हणत. दुपारी ट्रक थांबले की ते एकच चाल वाजवत. पारशिवनीकडच्या त्यांच्या गावात दिवाळीनंतर दंडार व्हायची, गावकऱ्यांचंच रात्रभर चालणारं नाटक. सोंगं तोंडाला रंग लावत असताना लोकांना धरून ठेवायला त्यांचा मामा ही चाल वाजवायचा. मामानं ती त्याच्या उस्तादाकडून घेतली होती. उस्तादानं कुठून आणली, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"माह्या बोटायचं आता काही खरं नाही," एक दिवस काका म्हणाले. बोटं आखडू लागली होती. "पोराले नाद नाही. तू शिकतं का?"

माझ्याआधी दोघं शिकायला येऊन पळाले होते. माझी निवड गुणांवर नव्हती, मी फक्त जवळ होतो.

अट एकच होती. लिहून घ्यायचं नाही, कानानं उचलायचं. मी अर्थातच वजनाच्या पावतीमागं चोरून लिहून घेतलं. मांजराची शेपटी दारात सापडावी तसा आवाज मी दोन महिने काढला. काका ऐकत बसायचे. एकदा एक ड्रायव्हर घाबरून विचारायला आला, "काहून बे, कोणाले लागलं का?"

हळूहळू चाल बसली, पण एक अडचण होती. तिसऱ्या ओळीनंतर काका गज उचलून थांबायचे. ते थांबणं माझ्या मात्रांत बसेना. मी टाचेनं मोजलं, बोटांवर मोजलं. शेवटी ठरवलं की ही म्हाताऱ्याची चूक आहे. मोठ्या मनानं मी ती दुरुस्त केली. मोकळ्या जागेत एक झकास गिरकी बसवली.

काका निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या निरोपाला गोदामाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभा राहून वाजवलं. तिसरी ओळ संपताना काकांचं बोट सवयीनं वर गेलं. मी गिरकी घेत सुसाट पुढं निघून गेलो. बोट हळूच खाली आलं.

टाळ्या पडल्या. काकांनी समोसा संपवला, हात पुसले आणि मला बाजूला बोलावलं.

"हात चांगला बसला तुहा. चाल कोणाची होय गा?"

मी म्हटलं, "काका, तिथं नुसती रिकामी जागा होती."

"रिकामी नाही. तिथं मामा तंबाखूचा खर्रा थुकायचा."

मला हसू फुटलं. "मग थुंकी कशाला सांभाळायची?"

"मामानं मंग खर्रा सोडला. जागा नाही सोडली. मी तं सुपारीबी खात नाही." ते फिडलच्या पेटीची कडी उघडझाप करत राहिले. "पण तिथं आलो का मले मामा दिसते. मुंडी बाजूले करून. तू त्यालेच हाकलून दिलं ना गा."

चाल लिहून घेतलेली ती पावती मी खिशातून काढून त्यांना दिली. त्यांनी वाचली, घडी केली आणि समोशाच्या तेलकट कागदासोबत टाकून दिली. मग फिडल माझ्या हातात दिलं. "आता पहिल्यापासून."

ते शहरात, नंदनवन वस्तीत मुलाकडं राहायला गेले. दर रविवारी सकाळी मी फोन समोर ठेवून वाजवायचो. त्या जागी आलो की थांबायचो. पलीकडून "हं" आलं की पुढं. ते "हं" कधी लवकर यायचं, कधी उशिरा. मोजून उपयोग नव्हता, ऐकावंच लागायचं.

या वर्षी होळीच्या आधी काका गेले.

धर्मकाट्यावर आता नवी मुलगी बसते. परवा दुपारी काम नव्हतं, म्हणून मी केबिनमध्ये फिडल काढलं. तिसरी ओळ झाली. मी गज उचलला आणि वाट पाहू लागलो. जरा जास्तच वेळ गेला असावा.

"दादा, विसरले का?" तिनं विचारलं.

माझं एक बोट वर होतं. ते कधी गेलं, मला कळलंच नव्हतं. बाहेर काट्यावर एक ट्रक चढत होता. ती पाटीकडं बघू लागली. आकडे नाचले, नाचले आणि ठरले.

"हं," ती म्हणाली आणि पावती काढायला वळली.

मी पुढची ओळ धरली.